पाय भारी झाले

निवृत्तीनंतर मी अमरावतीत एका संस्थेच्या खोलीत बसू लागलो. समोर पडदा आणि पडद्यावर मेळघाट. डोंगरातल्या गावांतले पेशंट तिथल्या उपकेंद्रात येऊन बसत, मी इथून तपासत असे. तपासत असे म्हणजे बघत आणि ऐकत असे. तिथला कॅमेरा टेबलाला पक्का बसवलेला होता. माणूस पोटापर्यंत दिसायचा. आवाज थोडा उशिरा पोचायचा. तिकडचे ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे.

त्या दिवशी एक कोरकू मुलगी समोर आली. आठवा महिना, पहिलंच बाळंतपण. शेजारी सासू, आणि बोलणं समजावून सांगायला गावची आशाताई. मुलीचा चेहरा भरलेला होता. तब्येत चांगली सुधारली, असं मी म्हणालो. ती सारखी कपाळ दाबत होती आणि कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्या बाजूला कुठेतरी बघत होती. लाजत असेल, असं मला वाटलं. बीपीचं यंत्र सिस्टर दुसऱ्या गावाला घेऊन गेल्या होत्या. आल्यावर बघून घ्या, म्हणून मी तो विषय संपवला.

सासू कोरकूत बराच वेळ काहीतरी सांगत होती. आशाताईंनी त्याचं एकच वाक्य केलं.

"साहेब, हे म्हन्ते का, पोरीचे पाय लय भारी झाले."

वऱ्हाडात, हिंदीच्या संगतीनं, पाय भारी होणे म्हणजे दिवस जाणे. मला हसू आलं.

"आठव्या महिन्यात सांगून राह्यली का आता? ते त आमाले पोट पाहूनच समजलं, बाई."

खोलीतला ऑपरेटर हसला. मग तिकडून, उशिरा, आशाताईंचं हसू पोचलं. साहेब विनोद करतात तेव्हा हसावं लागतं, तसलं ते होतं. सासू हसली नाही. ती खाली वाकली आणि तिचा हात पडद्याच्या कडेखाली गेला. काही पडलं असेल ते उचलत असेल, असं समजून मी पुढचा पेशंट मागितला. बटण मीच दाबलं.

दोन दिवसांनी मुलीला झटके आले. जीप घाट उतरून परतवाड्याला पोचली तेव्हा ती आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली होती. पायांवर इतकी सूज होती की जोडवी कापून काढावी लागली, हे मला नंतर कळलं. मग तो खाली गेलेला हात कशासाठी होता, तेही कळलं. सासू मुलीचं लुगडं वर करून मला तिचे पाय दाखवत होती.

चौकशीच्या बैठकीत मला विचारलं, सूज कशी दिसली नाही? मी म्हणालो, मधेच लाइन तुटली. डोंगरात लाइन तुटतेच, कुणाला शंका आली नाही. आशाताई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही?

"म्या सांगतलं होतं."

"काय सांगितलं? नेमकं."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाल्या, "पाय भारी झाले म्हून."

बैठकीत हशा पिकला. तेच हसू. कुणीतरी म्हणालं, गरोदर बाईचे पाय भारी, वा. आशाताईंना कामावरून कमी केलं.

ती खोली आता दुसऱ्या डॉक्टरांकडे आहे. पेशंट वाढले आहेत, पडदा मोठा झाला आहे. कॅमेरा अजून टेबलालाच बसवलेला आहे, हे मी मागच्या आठवड्यात जाऊन पाहिलं. पडद्यावर एक म्हातारी बोलत होती, तिचे ओठ आधी हलत होते. शब्द पोचायच्या आत डॉक्टर मान हलवू लागले होते. मी त्यांना म्हणालो, तिले पाय दाखवाले सांगा. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.

लाइन तुटली नव्हती. आशाताईंनी सांगितलं होतं, आणि मला ते स्वच्छ ऐकू आलं होतं.