सौंदडचा वन्स मोर

तिसरं गाणं संपलं आणि सौंदडच्या शाळेचं सभागृह चिडीचूप होतं. टाळी नाही, ‘वा’ नाही, साधं खोकणंही नाही. मंचावर मेघा पटलेचा चेहरा पडला. मी पहिल्या रांगेत पेन उघडून बसलेलो. आता काय लिहायचं?

गोंदियाच्या एका दैनिकात मी नाटक-गाण्यांच्या समीक्षा लिहितो. हे काम मंडईच्या मोसमात जोरात असतं. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा. दिवसा बाजार, रात्री नाटक. इथल्या प्रेक्षकाला गाणं आवडलं, की ते संपायची वाट तो बघत नाही. मधेच ‘वन्स मोर’ ओरडतो आणि नटाला ती ओळ पुन्हा म्हणावीच लागते. न म्हणणाऱ्या नटाला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही.

मेघा याच गावची. पण ती सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्यातला बाईचा सर्वांत उंच आवाज. तोही माइकशिवाय. मुंबईत तिचे बरेच कार्यक्रम झाले होते. समीक्षा मात्र दरवेळी तीच: आवाज निर्दोष, श्रोते थंड. त्या दुपारी कार्यक्रमाआधी चहा पिताना ती मला म्हणाली होती, “काका, घरच्या लोकांपर्यंतही पोचलं नाही, तर मंचावरचं गाणं बंद. शाळेत शिकवायची नोकरी आलीय, ती धरते.” हसून म्हणाली, पण चहा तसाच ठेवला.

तिच्यासोबत मुंबईहून आलेल्या पियानोवादकांनी मंडई कमिटीला नियम सांगितला होता. चार-पाच गाण्यांचा संच पूर्ण होईपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत. शहरात तो शिष्टाचार असतो. कमिटीच्या अध्यक्षांनी तो आपल्या भाषेत जाहीर केला, “कोनी आवाज केला तं बाहेर काढीन!” लोक बिचारे श्वासही जपून घेत होते, आणि नियम माहीत असूनही मेघाला ते थंडच वाटत होते.

चौथ्या गाण्यात मेघाचा स्वर चढत चढत पार पत्र्याच्या छताला जाऊन लागला आणि तिथेच थांबला. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात मागच्या रांगेत तिची आत्या, सुगनाबाई, उभी राहिली.

“काऊन रे अध्यक्ष, आमी मयतीले आलो का? पोरगी एवढा जीव लावून गाऊन रायली, अन् आमी तोंड शिवून बसाचं? वन्स मोर!”

अध्यक्ष ताडकन उठले. पण तोवर दारातून, खिडक्यांतून, अख्ख्या सभागृहातून एकच गजर सुरू झाला, “वन्स मोर!”

पियानोवादकांचे हात थांबले. “हे गाणं असं मधेच थांबवता येत नाही.”

“सौंदडमध्ये येतं, सर,” मेघा म्हणाली. “चढणीपासून घ्या.”

दुसऱ्यांदा ती हसत चढली. तिसऱ्यांदा आत्याकडे बघून स्वर मुद्दाम लांबवला, चिडवल्यासारखा. लोक बाकांवर उभे राहिले. शेवटी तर पियानोवादकच भुवया उंचावून लोकांना विचारायला लागले, आणखी? मला इतका आनंद झाला, की लिहायचं सोडून मीही ओरडलो. समीक्षकाने ओरडू नये असा संकेत आहे. असो.

संध्याकाळी मजकूर लिहून पाठवला. लगेच संपादकांचा फोन आला.

“ही समीक्षा आहे की मंडईची बातमी?”

“समीक्षाच आहे, सर. खालच्या स्वरांतले शब्द कळत नव्हते, शेवटी आवाज थोडा थकला, तेही लिहिलंय.”

“मग मुंबईचे समीक्षक ‘श्रोते थंड’ असं लिहितात, ते काय?”

“तिथेही टाळ्यांना बंदीच होती.”

“छापतो. आत्याचा फोटो पाठव.”

मेघाने शाळेच्या नोकरीला नकार कळवला. मुंबईतल्या पुढच्या कार्यक्रमात तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं, आवडलं तर मधेच थांबवा. कोणी हलेना. मग पहिला ‘वन्स मोर’ आला तो समीक्षकांच्या रांगेतून. ओरडणारे गृहस्थ तेच, ज्यांनी पूर्वी ‘श्रोते थंड’ लिहिलं होतं.

आता श्रोते गप्प होते असं लिहिण्याआधी मी एक चौकशी करतो: त्यांना गप्प कोणी बसवलं?