पुशरॉडचं माप

लग्न होऊन मी सोलापुरात आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांची टॅक्सी दारात विटांवर उभी होती. बार्शीच्या रस्त्यावर मामंजींनी ती वर्षानुवर्षं चालवली होती. आता इंजिन खोललेलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. इंजिन दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. आमचे हे गिरणीत पहिल्या पाळीला जायचे. सासूबाई म्हणायच्या, "घाला की आता भंगारात." मामंजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पिस्टन, रिंगा त्यांनी हातांच्या सवयीनं बसवल्या. अडलं ते पुशरॉडपाशी. इंजिनाचं वाकलेलं हेड घासून सपाट करून आणलं होतं. ते तेवढं खाली बसलं, त्यामुळे रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला, खालून ढकलणाऱ्या या सळया आता लांब पडत होत्या. किती लांब, ते डोळ्यांनीच बघायला हवं होतं.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते इंजिनावर कपाळ टेकून बसले होते.

"मामंजी, बरं वाटत नाही का?"

"दिसत न्हाय गं पोरी."

इतके महिने ते हे कुणाजवळ बोलले नव्हते. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "मला दिसतंय की. काय बघायचं ते सांगा."

त्यांनी इंजिनावरचं कपाळ उचललं. मग म्हणाले, "जा, काजळाची डबी आण."

एक जुना पुशरॉड कापून त्यांनी मध्ये आट्यांचा बोल्ट घातला होता. बोल्ट फिरवला की रॉड लांब-आखूड व्हायचा. मी व्हॉल्व्हच्या टोकाला काजळ लावलं. त्यांनी हँडलनं इंजिन हळूहळू फिरवलं, मग रॉकर काढला. काजळ जिथं पुसलं गेलं, ती रेघ मी बघायची; ती टोकाच्या मधोमध यायला हवी होती.

"कुटं हाय?"

"कडेला. पार बाहेर."

त्यांनी रॉड आखूड केला. पुन्हा काजळ, पुन्हा हँडल. रेघ हटता हटेना. चहा निवून गेला. सासूबाई दारात आल्या, बघत राहिल्या आणि एक फडकं देऊन गेल्या.

शेवटी रेघ आत सरकली, बारीक झाली.

"मधोमध हाय?"

"भांगासारखी."

"मला बरं वाटावं म्हणून तर म्हणत न्हाईस?"

"अहो, त्या गाडीत मलाच बसायचंय की!"

ते मोठ्यानं हसले. लग्न झाल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच मापानं लेथवाल्याकडून बाकीचे पुशरॉड करून आणले. इंजिन पहिल्या हँडलला नाही, पण बऱ्याच खटपटीनं सुरू झालं. कुठं टकटक नाही. मामंजी कान देऊन उभे राहिले आणि आपणहून म्हणाले, "आता डोळ्यांचंबी उरकून घेऊ."

हिवाळ्यात ऑपरेशन झालं. चष्मा लागल्यावर त्यांनी मला गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर नेलं आणि स्टिअरिंगसमोर बसवलं. मी गाडी कितीदा तरी बंद पाडली. सासूबाई मागच्या सीटवर पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि मामंजी म्हणत होते, "व्हय, व्हय, सोड क्लच. सावकाश."