दोन वर्षं थांबू, असं मी म्हणाले होते

माझी बहीण शीतल आज सकाळी गेली.
तिच्या पेशी मात्र पुण्यात आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये ठणठणीत आहेत.

वाचायला विचित्र वाटेल. वाटू दे.

तिला थॅलेसेमिया मेजर होता. अंगात धड रक्तच तयार व्हायचं नाही. दर तीन आठवड्यांनी अण्णा, आमचे वडील, तिला जेऊरहून सोलापूरला रक्त चढवायला न्यायचे. चोवीस वर्षांच्या आयुष्यात तिनं गाव कमी आणि दवाखान्याचा तो वॉर्ड जास्त पाहिला.

आणि मी तिची मोठी बहीण, घरातली एकमेव पीएच.डी. रक्त बनवणाऱ्या मूळपेशींत जनुक दुरुस्त करणारं प्रोटीन पोचवायचं, हे माझं काम.

पेशी ते सहजासहजी आत घेत नाही. विजेचा बारीक झटका द्यायचा, आवरणाला क्षणभर भोकं पडतात, तेवढ्यात प्रोटीन आत. पुष्कळ पेशी त्या झटक्यानंच मरतात. किती मेल्या ते वहीत लिहायचं आणि चहाला जायचं.

शीतलनं स्वतःचा नमुना दिला होता, फॉर्मवर झोकात सही करून. झटक्याचं सांगितलं तर म्हणाली,
"माज्या पेशींला करंट देनार व्हय? आन मरतील त्यांचं सुतक कुनी धरायचं, तू का मी?"

खूप हसलो होतो दोघी.

सहा वर्षांपूर्वी तिच्या पेशी पहिल्यांदा डिशमध्ये बऱ्या झाल्या. त्याच महिन्यात डॉक्टरांनी बोनमॅरो ट्रान्सप्लांट सुचवला. घरच्यांच्या टेस्ट झाल्या. माझा मॅच पूर्ण जुळला, म्हणजे मज्जा मी देऊ शकत होते.
डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण आताच करा. पुढे लिव्हर आणि हार्ट साथ देणार नाहीत.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकल्याली हायस. तू म्हनशील तसं."

मी म्हणाले, "दोन वर्षं थांबू, अण्णा. हिच्याच पेशी दुरुस्त करून हिला परत देऊ."

दोन वर्षं हा आकडा मी कुठून आणला, कुणी विचारलं नाही.

दर दिवाळीला ती विचारायची, "कुटवर आलं गं तुजं?"
"जवळ आलंय."

डिशमधून माणसाच्या अंगात जायला किती काळ लागतो, हे मला पक्कं माहीत होतं. तिला सांगितलं नाही.

इकडे चढवलेल्या रक्तातलं लोह तिच्या हृदयात साठत गेलं, ट्रान्सप्लांटची वेळ निघून गेली. तिकडे कॉन्फरन्समध्ये तिच्या पेशींच्या स्लाइडला टाळ्या पडल्या. स्लाइडवर तिचं नाव होतं, डोनर तीन.

खरं सांगू? ट्रान्सप्लांटच्या धोक्याची काळजी होती. पण त्याहून जास्त मला माझं काम जिंकायला हवं होतं. माझ्याच हाडांतली मज्जा मला फार जुनाट उपाय वाटली.

म्हणून खाली "संशोधन चालू ठेव, तीच खरी श्रद्धांजली" असलं काही लिहू नका. ब्लॉक करीन.
घरात मॅच असेल तर डॉक्टरांचं ऐका. माझ्यासारख्या शहाणीचं नको.

काल आयसीयूत ती अण्णांना म्हणाली, "ताईला कायबी बोलू नगा."
अण्णा अजून एक शब्द बोललेले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शीतल, नीट जा गं.
माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील, आणि ती मला नकोय.