उभा भारा

डोक्यावरचा गवताचा भारा बायकोनं गोठ्याच्या दारात तसाच सोडून दिला. वाकली नाही, हात लावला नाही. भारा धपकन पडला आणि कुशीवर लोळला. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आडवाच," म्हणाली.

"मग काय नाचणार हाय व्हय त्यो?"

"तुमी धार काढा गप."

मी धार काढली, तिनं म्हशीपुढं वैरण टाकली. आमचं दोघांचं एकत्र काम ते शेवटचं. रात्री झोपली ती उठलीच नाही.

तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आता कशाला घेऊ? गल्ली तिला ओळखायची ती एका बोलण्यावरनं. कुणी काही सांगायला आलं की म्हणायची, "तुमी बघितलासा काय?"

हे रोजचं भारा टाकणं कशासाठी, ते सांगतो. संस्थान विलीन झालं, त्यानंतरची गोष्ट. कळंब्याकडं एका मळेवाल्यानं आमच्या गवतवाल्याला गोळी घातली. गवतवाला आमच्या गोठ्याला वैरण आणायचा, घरचाच माणूस. त्या दिवशी आम्ही शेजारच्या बांधावर गवत कापत होतो. बार ऐकून धावलो. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोवर तो गेला होता. मी माणसाकडं बघितलं, हिनं भाऱ्याकडं.

मळेवाला म्हणाला, "विळा घेऊन अंगावर आला. जीव वाचवायला बंदूक चालवली." विळा हाताजवळच पडला होता.

आता सगळं त्या भाऱ्यावर आलं. भारा डोक्यावर असताना गोळी लागली, तर माणूस अंगावर कसा धावेल? आणि भारा आधी खाली ठेवला असेल, तर मळेवाला म्हणतो ते खरं असेल.

आम्ही कट्ट्यावर म्हशी नेऊन गिऱ्हाइकांसमोर धार काढायचो. तिथं पेले हातात धरून लोक भांडायचे.

"विळा पोटात जाईस्तोवर थांबायचं व्हतं व्हय?" एक कारकून म्हणायचा.

"एवढ्या लांबनं विळा लागतोय? भारा मळेवाल्यानंच दरडावून ठेवायला लावला असंल की!" तालमीतला पैलवान ओरडायचा.

"पैलवान, तुमी बघितलासा काय?" ही म्हणायची. "दूध प्या. फेस बसला."

कोर्टात हिला विचारलं, "भारा कसा होता?"

"उभा."

"डोक्यावरनं पडला तर उभा राहतो?"

"न्हाय. एकटा माणूस भारा उभा ठेवतोय, परत डोईवर घ्यायला बरं पडतं."

मळेवाल्याचा वकील म्हणाला, पुरे. मळेवाला सुटला.

ही बाहेर आली तर गवतवाल्याची बायको पायरीवर बसलेली. "किती घेतलंस गं?" एवढंच म्हणाली. त्यानंतर कधी बोलली नाही. घर आमच्यापासून चौथं. पाणी एकाच नळाचं.

मी हिला म्हणायचो, तू खरं तेच सांगितलंस. "उभा व्हता ते खरं," ही म्हणायची. "पडल्यावर उभा ऱ्हात न्हाय, हे मी कुठं बघितलंतं? बोलून गेलो." तेव्हापासून रोज संध्याकाळी भारा डोक्यावरनं सोडायची. पावसाळ्यात ओला, उन्हाळ्यात वाळका. रोज आडवा. एकदा तरी उभा राहावा म्हणून टाकायची, की राहू नये म्हणून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "मला तरी कुठं ठावं हाय?"

तिला नदीवर पोचवली, तेव्हा गवतवाल्याची बायको गल्लीच्या तोंडाला उभी होती. पुढं आली नाही, मागंही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवत कापून आणलं. सुतक मला, म्हशीला नाही. गोठ्याच्या दारात आलो आणि हात काढून घेतले. भारा बुडख्यावर आपटला, डुलला आणि उभा राहिला.

"अगं," म्हटलं मी.

म्हशीनं भाऱ्याकडं मान लांब केली. तिला सोडून पार पलीकडच्या खुंट्याला बांधली, दार ओढून घेतलं आणि गवतवाल्याच्या बायकोला बोलवायला गेलो.