मागच्या खुर्चीतला माणूस

हायम रोहेकर मूळचा अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. पोटासाठी कॅनडात, मिसिसागातल्या एका गोदामात सुपरवायझर, आणि दर गुरुवारी संध्याकाळी एका बारच्या बेसमेंटमध्ये स्टँड-अप करणारा. पन्नाशी उलटल्यावर हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका पोलिसामुळे.

मामेभावाकडे मलिदा होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं असं ताट एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मांडायची त्यांची कोकणातली रीत. ते ताट शेजारच्या सीटवर ठेवून हायम घराचा नंबर शोधत हळूहळू चालला होता. सावळा माणूस आणि हळू गाडी, एवढं पुरलं. पोलिसाने त्याला बर्फात उतरवलं, बॉनेटवर हात ठेवायला लावले आणि पोह्यांत बोटं घालून झडती घेतली. शेवटी सोडलं. घरच्यांनी काय करावं? नवं ताट मांडून सुटकेबद्दल नबीचे आभार मानले! गुन्हा नाही आणि सुटकेचे आभार. हायमच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याने केलेली तक्रार धूळ खात पडली. मग त्याने तोच किस्सा स्टेजवर सांगितला आणि लोक पोट धरून हसले.

पण मागच्या खुर्चीत एक माणूस येऊन बसू लागला. बारीक कापलेले केस, जाड बूट, ताठ पाठ. पाणी पिणार, हसणार नाही. हा पोलिसांचाच माणूस, हायमने ताडलं. आपल्यासारखाच सावळा मुद्दाम पाठवलाय, म्हणजे कुणाला संशय नको! त्याने किश्श्यातून आधी गावाचं नाव गाळलं, मग बर्फ, मग बॉनेटवरचे हात. उरले फक्त पोहे. हशा मात्र वाढतच गेला.

"अरे, यात पोलीस कुठे राहिला?" बायकोने, शर्लीने विचारलं.

"तुला नाही कळायचं. ही इज वॉचिंग मी."

शेवटी त्याने बारच्या मॅनेजरच्या कानावर घातलं, "त्या माणसावर जरा लक्ष ठेव. काहीतरी गडबड आहे."

पुढच्या गुरुवारी तो माणूस एका पोरसवदा तरुणाला घेऊन आला. मॅनेजरने दोघांना दारातच अडवून आयडी मागितलं. त्या माणसाने खिशातले हात अगदी सावकाश बाहेर काढले, बोटं पसरून, समोरच्याला नीट दिसतील असे. हे असं हात काढणं कुणाला येतं, ते हायमला पक्कं ठाऊक होतं. तो धावत दाराशी गेला.

"हे माझे पाहुणे आहेत," तो मॅनेजरला म्हणाला.

तोवर तरुण मागे वळून जिना चढून गेलाही होता.

"माझा भाऊ," तो माणूस इंग्रजीत म्हणाला. तमिळ होता, एअरपोर्टवर सामान चढवणारा. "त्यालाही असंच अडवलं होतं. तेव्हापासून घराबाहेर पडत नाही. म्हटलं, एक अंकल बॉनेटवरच्या हातांची गोष्ट सांगतात, चल. तुम्ही ते सांगणं का बंद केलंत?"

माणूसही भावाच्या मागे निघून गेला.

स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो माइकसमोर उभा राहिला. मागची खुर्ची रिकामी होती.

"आज इथे पोलीस मीच होतो," तो म्हणाला.

लोक खो खो हसले.