समज: नाही

"हा स्ट्रोक आहे," डॉक्टर माझ्या मुलाला म्हणाले. माझ्या मेंदूकडे जाणारं रक्त गुठळीनं अडलं होतं. शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना हातातून खडू पडला, तो उचलायला वाकले ती उठलेच नाही. उजवं अंग गेलं आणि वाचाही.

सात रस्ता चौकाजवळच्या एका नर्सिंग होममध्ये मला ठेवलं. पहिल्या दिवशी सिस्टरनं म्हणे नाव विचारलं, डोळे मिटायला सांगितलं. इंजेक्शनच्या गुंगीत मी नुसती पडून होते. कॉटच्या पायाशी टांगलेल्या तक्त्यावर, 'समज' या रकान्यात तिनं लिहिलं, 'नाही'. त्या वेळी ते खरंच होतं, त्याचा दोष तिला देत नाही.

दोष पुढचा. दुसऱ्या दिवसापासून त्या रकान्यात डिट्टोच्या दोन बारक्या रेघा. डॉक्टर यायच्या आधी सगळे तक्ते भरून ठेवायची तिथली पद्धत, त्यामुळे पेशंटला विचारायला कोणी थांबत नसे. सत्तावीस वर्षं मी मुलींच्या वह्या तपासल्या, कोणी कोणाचं बघून लिहिलंय ते मला लांबून कळतं. इथं तर सिस्टर स्वतःचंच कालचं बघून लिहीत होती, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. घुसमट काय असते ते मला विचारा.

मान हलवली तर तो झटका वाटायचा. रडले तर डॉक्टर म्हणाले, "असे पेशंट उगाच रडतात." एकदा संतापून डाव्या हातानं कॉटचा गज वाजवला. सिस्टरनं 'अस्वस्थ' लिहून झोपेचं इंजेक्शन दिलं. मग दुपारपर्यंत मला खरोखरच काही समजलं नाही. घ्या!

नरसम्मा नावाची आया होती, विणकरांच्या घरातली. मला भरवताना ती घरच्या गमती सांगायची आणि मी हसायच्या जागी हसायचे. तिनं सिस्टरला सांगून पाहिलं, "बाईंना समदं समजतंय की." तक्त्यावर तसं नाही, असं उत्तर मिळालं. नरसम्माला लिहिता येत नव्हतं, मग तिचं कोण ऐकणार?

मुलगा करमाळ्याला नोकरीला, रविवारी यायचा. आधी तक्ता वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा. तिसऱ्या रविवारी माझ्या उशाशी उभं राहून तो सिस्टरला म्हणाला, आईला समजतच नसेल तर घरी नेऊन काय करू, इथल्याच न सुधारणाऱ्या पेशंटांच्या मागच्या खोलीत कायमची राहू दे, तिची भाड्याची जागा मी सोडून देतो. मागच्या खोलीत गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलं नव्हतं. ओरडायला गेले तर ओठांतून नुसती लाळ आली.

नरसम्मा चादर बदलत होती. तिनं तक्ता काढून माझ्या पोटावर ठेवला, दोरीला बांधलेली पेन्सिल डाव्या हातात दिली आणि म्हणाली, "लिवा, बाई."

मी आधी त्या सगळ्या रेघांवरून एक लांब काट मारली. मग खाली लिहिलं, 'आहे'. अक्षर पहिलीतल्या पोरीपेक्षा वाईट. मुलानं वाचलं आणि तो डॉक्टरांना बोलवायला धावला. त्याच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही.

डॉक्टर आले. तक्ता बाजूला ठेवून त्यांनी प्रथमच मला विचारलं, आणि मी मानेनं उत्तरं दिली. "याला डिसार्थ्रिया म्हणतात," ते म्हणाले. "जीभ, ओठ ऐकत नाहीत, डोकं शाबूत असतं. आम्ही रोज विचारायला हवं होतं."

तुमचं माणूस असं पडलं तर तक्ता जरूर वाचा, पण ही नोंद आज विचारून केली का, ते आधी विचारा. आणि आयालाही विचारा. नरसम्माचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

घरी निघायच्या दिवशी शेवटची नोंद करायला तीच सिस्टर आली. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "बाई, मी बोलते ते समजतंय का?"

'हो' म्हणायला मला केवढा तरी वेळ लागला. ती पेन वर धरून थांबली होती.