दोन गाण्यांमधला आवाज

माझ्या वहीत सहा रकाने आहेत. कपाटातला क्रमांक, बँड, रेकॉर्ड कुठल्या शहरात छापली, लेबलाजवळ कोरलेले आकडे, कव्हरची अवस्था आणि श्रेणी. सोव्हिएत काळातल्या हार्ड रॉक आणि हेवी मेटलच्या एकशे चौदा रेकॉर्डी माझ्याकडे आहेत. त्या काळी तिथली रेकॉर्ड कंपनी सरकारी होती, पण तीच रेकॉर्ड मॉस्को, रीगा, ताश्कंद अशा वेगवेगळ्या शहरांत छापली जायची. प्रत्येक ठिकाणच्या छपाईचा दर्जा वेगळा, म्हणून आम्हा जमवणाऱ्यांना शहर कुठलं याचं महत्त्व असतं.

पहिली रेकॉर्ड थोरल्या भावाने आणली. तो डॉक्टरकी शिकायला तिकडे होता. परत येताना त्याने घरच्यांसाठी लोकरी टोप्या आणल्या, त्याही हैदराबादच्या उकाड्यात, आणि माझ्यासाठी ही. दुकानात तीच समोर होती म्हणाला. पुढच्या बऱ्याचशा अशाच तिकडे शिकून आलेल्यांच्या घरांतून, माळे रिकामे होताना मिळाल्या. मला रशियन येत नाही. गाणी कशाबद्दल आहेत हे मी कधी विचारलेलं नाही. ड्रम वेळेवर पडतात, तेवढं मला पुरतं.

श्रेणी देण्याची माझी पद्धत ठरलेली आहे. रेकॉर्ड धुवायची, सुकवायची, खिडकीशी तिरकी धरून चरे बघायचे आणि मग लावायची. गाणं ऐकायचं नाही. दोन गाण्यांमधली चार-पाच सेकंदं ऐकायची. तिथे काहीच आवाज नसेल तर अ, थोडा असेल तर ब, बाकी सगळं क. हे काम मी रविवारी सकाळी करते, कारण तेव्हा नवरा भाजी आणायला गेलेला असतो आणि नल्लकुंट्याच्या आमच्या घरात शांतता असते.

अदलाबदलीसाठी माझा एकच माणूस. नामपल्लीच्या एका गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे भाई. पुढे दुकान, मागे पडदा, पडद्यामागे घर. त्यांच्याकडे रीगात छापलेली एक रेकॉर्ड होती, जी मला दहा वर्षं हवी होती. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन अ-श्रेणीच्या रेकॉर्डींच्या बदल्यात त्यांनी ती दिली. माझ्या दोन्ही त्यांनी लावूनही पाहिल्या नाहीत.

"आपा अ लिखे तो अ. बजा के कैकू देखना?"

या वर्षी एका रविवारी नवऱ्याचा गुडघा दुखत होता म्हणून तो घरीच राहिला. मी रेकॉर्ड लावली आणि पेन्सिल घेऊन बसले. आतून त्याचा आवाज आला, "अगं, गॅस चालू राहिलाय का?"

"बंद आहे. मी बघितलंय."

"मग हे शीऽऽ काय वाजतंय?"

तो लंगडत स्वयंपाकघरात गेला. रेग्युलेटरला नाक लावलं, नळीला साबणाचा फेस चोळून बुडबुडे येतात का ते पाहिलं, न्हाणीघरातला नळ घट्ट केला. मग हॉलमध्ये येऊन स्पीकरपाशी वाकला.

"इथून येतोय. तुझी रशियन मंडळी गळतायत."

"अहो, गाणं संपलंय. आत्ता काहीच वाजत नाहीये."

"तेच तर म्हणतोय."

मी तोपर्यंत अ लिहून मोकळी झाले होते.

मला ते पटलं नाही, म्हणून तपासणी केली. वेगवेगळ्या वर्षी श्रेणी दिलेल्या बारा रेकॉर्डी काढल्या, नवऱ्याला पाठमोरं बसवलं, हातात कागद दिला. आवाज आला की रेघ मारायची. जुन्या श्रेणी त्याच्या रेघांशी जुळल्या. गेल्या चार वर्षांतली एकही जुळली नाही.

मग कोठी भागातल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. शेवटी शेवटी मी बटण दाबलंच नाही, कारण काही वाजलं नव्हतं. बाहेर आल्यावर कळलं की वाजलं होतं. आलेखातली रेघ डावीकडे सरळ होती आणि उजवीकडे खाली उतरत गेली होती. बारीक, उंच आवाज वयोमानाने ऐकू येईनासे होतात, बोलणं ऐकायला अडचण नाही, असं डॉक्टर म्हणाले. आलेखाची झेरॉक्स वहीत लावली.

त्या चार वर्षांत भाईंकडे माझ्या नऊ रेकॉर्डी गेल्या होत्या. नऊही अ. त्यातल्या दोन रीगाच्या बदल्यात.

"त्यांनी तक्रार केलीये का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय? त्यांनी माझ्या अक्षरावर घेतल्या."

पुढच्या शनिवारी नामपल्लीला गेले. भाईंना सगळं क्रमाने सांगितलं. कान, आलेख, नऊ क्रमांक. मग पिशवीतून रीगाची रेकॉर्ड काढून काउंटरवर ठेवली. भाई हसले.

"आपा, मेरे कू तो कुछ नै सुनाई दिया आज तक."

त्यांनी माझ्या नऊपैकी एक लावली. गाणं संपलं तसं बोट वर केलं. आम्ही दोघं स्पीकरकडे वाकून उभे होतो.

"देखो. एकदम साफ."

मलाही साफच वाटलं. मी म्हटलं, घरात कुणाला तरी विचारा. त्यांनी पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "अजी सुनो, कुछ आवाज आ रा क्या इसमें?"

त्यांची बायको पडद्यामागूनच बोलली. "कब से आ रा. शीऽऽ करके. मैं समझी रूसी लोगां ऐसाच बजाते."

"तो बोले क्यों नै?"

"तुम कभी पूछे?"

भाईंनी सुई उचलली. डोळ्याला लावलेलं घड्याळाच्या कामाचं भिंग काढून खाली ठेवलं. मग त्यांनी रीगाची रेकॉर्ड उचलली, कव्हरची कड अंगठ्याने सरळ केली आणि मागच्या फळीवर तिच्या जुन्या जागी ठेवली. ती जागा त्यांनी भरलेली नव्हती. ते "नक्को आपा, रखो" म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत. माझ्या दोन रेकॉर्डी त्यांनी पिशवीत घालून दिल्या आणि चहा मागवला.

चहा पिताना त्यांनी माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं, "भाईसाब के कान अच्छे हैं?"

"चांगले आहेत."

"तो ले के आओ ना एक दिन. मैं भी तो लोगां कू अ लिख के दिया."

वहीत आता सातवा रकाना आहे, 'कान'. त्यात नवऱ्याचं आद्याक्षर असतं. रविवारची भाजी आम्ही आता आधी आणतो, मग बसतो. तो फार कडक आहे. त्याने घरी अजून एकीलाही अ दिलेला नाही. रीगाच्या ओळीवर पट्टीने रेघ मारली आहे आणि कपाटातला तिचा सदुसष्ट क्रमांक मोकळा ठेवला आहे.

गेल्या महिन्यात त्याला भाईंच्या दुकानात घेऊन गेले. दुपारभर बसून त्याने त्यांच्या चाळीस रेकॉर्डी ऐकल्या. शेवटी भाईंनी रीगाची लावली. पहिलं गाणं संपलं, मधली सेकंदं गेली, दुसरं सुरू झालं.

"ही अ आहे," नवरा म्हणाला.

भाईंनी त्यांच्या चिठ्ठीवर तसं लिहिलं. मी वही उघडली होती, पण सदुसष्टसमोर मला लिहायचं काही नव्हतं.